ड्राफ्ट आणि ट्रेडच्या वादात उतरताना: एनबीएच्या नव्या चाहत्यासाठी

आयपीएलचा लिलाव पाहत वाढलेल्या माणसाला एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, पहिल्यांदा हमखास चुकीचा समजतो. लिलावात पर्समध्ये पैसे शिल्लक असले की कुणावरही बोली लावता येते. इथे बोलीच नाही. ३० संघ, दोन फेऱ्या, ठरलेला क्रम. आपली पाळी आली की एक नाव सांगायचं. पहिल्या फेरीतल्या मुलाचा पगारही तक्त्यात आधीच छापलेला असतो. ट्रेडमध्ये तर रोख रकमेला फारसा अर्थ नाही. खेळाडू हवा तर खेळाडू द्या, नाहीतर पुढच्या वर्षांची पिक्स, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या, द्या. म्हणून "याला घ्यायलाच हवं होतं" या वाक्याला वादात काही वजन नसतं. कोणाच्या ऐवजी घ्यायचं, किती पगारावर, आणि संघाच्या कुठल्या वर्षासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरं जो देतो त्याचं म्हणणं लोक ऐकतात. ती उत्तरं कशी तयार करायची, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे.

पायरी १: आधी आपल्या संघाची वही मांडा

खेळाडूंबद्दल बोलण्याआधी एक कागद घ्या आणि चार रकाने आखा: नाव, वय, या वर्षीचा पगार, करार संपण्याचं वर्ष. संघात १५ नियमित करार असतात आणि ३ टू-वे करार. टू-वेवाले खेळाडू मुख्य संघ आणि जी लीग (एनबीएची दुय्यम लीग) यांच्यात ये-जा करतात आणि कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या पगारमर्यादेत, धरले जात नाहीत, त्यामुळे पहिल्या मांडणीत १५ पुरेत. कागदाच्या खालच्या भागात पुढच्या सात वर्षांची पिक्स लिहा: आपली किती, दुसऱ्यांकडून आलेली किती, आणि कुठली कुणाला देणं लागतो.

मग पगारांची बेरीज करून ती चार रेषांशी ताडून पाहा. २०२५-२६ च्या हंगामात या रेषा अशा होत्या: सॅलरी कॅप सुमारे १५.४६ कोटी डॉलर, लक्झरी टॅक्स १८.७९ कोटी, पहिला एप्रन १९.५९ कोटी, दुसरा एप्रन २०.७८ कोटी. आकडे दरवर्षी बदलतात, त्यांचा क्रम मात्र तोच राहतो. कॅपच्या वर जाता येतं, कारण आपलाच खेळाडू राखताना किंवा ट्रेड करताना सवलती आहेत. टॅक्सच्या वर गेलं की मालकाच्या खिशाला झळ बसते. एप्रनच्या वर गेलं की व्यवस्थापकाचे हात बांधले जातात. दुसऱ्या एप्रनवरच्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख पैसे देता येत नाहीत, आणि त्याचं सात वर्षांनंतरचं पहिल्या फेरीचं पिक गोठवलं जातं. पुढच्या चार हंगामांपैकी दोनमध्ये संघ पुन्हा त्या रेषेवर राहिला, तर ते पिक थेट पहिल्या फेरीच्या तळाला जातं.

ही वही नसली की काय होतं, ते २०२५ च्या उन्हाळ्यात दिसलं. बॉस्टनने जू हॉलिडेला पोर्टलंडकडे धाडलं आणि बदल्यात अँफर्नी सायमन्स घेतला. आदल्याच वर्षी विजेतेपद जिंकून देणारा बचावपटू असा का सोडला, म्हणून बरेच नवे चाहते चिडले. वही उघडली की उत्तर समोरच होतं. हॉलिडेच्या कराराची तीन वर्षं आणि सुमारे १०.४ कोटी डॉलर बाकी होते. सायमन्सचं एकच वर्ष उरलं होतं, सुमारे २.७७ कोटींचं. बॉस्टनचा मुख्य खेळाडू जेसन टेटमचा अकिलीस स्नायुबंध मे महिन्यात तुटला होता, म्हणजे येणारा हंगाम विजेतेपदाचा नव्हताच, आणि संघाला दुसऱ्या एप्रनखाली यायचं होतं. या ट्रेडमध्ये बॉस्टनने पुढच्या दोन वर्षांची मोकळीक विकत घेतली.

पायरी २: लॉटरीचं गणित पाठ करा

ड्राफ्टमधल्या वरच्या जागा सोडतीने ठरतात, तिला लॉटरी म्हणतात. प्लेऑफला न पोचलेले १४ संघ लॉटरीत असतात. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू टाकतात आणि चार काढतात. एकूण १,००१ जोड्या होतात. त्यातली एक बाद धरून उरलेल्या १,००० संघांमध्ये वाटल्या जातात. सोडत फक्त पहिल्या चार जागांची असते, बाकीच्या जागा पराभवांच्या क्रमाने भरतात. २०१९ च्या सोडतीपासून सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या पिकची समान, म्हणजे १४ टक्के संधी मिळू लागली. चौथ्याला १२.५, पाचव्याला १०.५, आणि असं उतरत चौदाव्याला अर्धा टक्का.

यात नवा माणूस एक गोष्ट हमखास विसरतो. या पद्धतीत सर्वांत वाईट संघ फार तर पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो, आणि तसं होण्याची शक्यता ४७.९ टक्के असते, म्हणजे जवळपास निम्मी. २०२५ मध्ये युटाने १७ सामने जिंकून तळ गाठला आणि त्यांच्या वाट्याला पाचवं पिक आलं. त्याच सोडतीत १.८ टक्के संधी असलेला डॅलस पहिला आला आणि कूपर फ्लॅग घेऊन गेला. "मुद्दाम हरा, पहिलं पिक नक्की" असं कुणी म्हणालं तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा. हरण्यातून नक्की मिळतं ते एवढंच, की पाचाच्या खाली जायची भीती राहत नाही.

पायरी ३: मुलाचं वय, माप आणि आकडे, याच क्रमाने

वय आधी बघा, आणि वर्षात नको, महिन्यांत बघा. अमेरिकी मुलाला ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात १९ पूर्ण व्हावे लागतात आणि त्याच्या वर्गाची शाळा संपून एक वर्ष उलटलेलं असावं लागतं. परदेशी खेळाडू २२ च्या वर्षी आपोआप पात्र होतो. फ्लॅग ड्राफ्टच्या दिवशी १८ वर्षांचा होता. २०२१ मध्ये तेराव्या क्रमांकावर गेलेला ख्रिस दुआर्ते २४ चा होता. कॉलेजात दोघांनी सारखेच गुण काढले असते, तरी त्या गुणांची किंमत सारखी झाली नसती. २४ वर्षांचा खेळाडू १९ वर्षांच्या पोरांवर शरीराने मात करत असतो, आणि वाढायला त्याच्याकडे वर्षं कमी उरलेली असतात. पण हे दुसऱ्या टोकालाही नेऊ नका. विसाव्या क्रमांकानंतर, लगेच खेळवता येईल असा माणूस हवा असलेल्या संघासाठी २२-२३ वर्षांचा तयार खेळाडू बऱ्याचदा शहाणपणाचा ठरतो.

मग माप. मे महिन्यात शिकागोला कंबाईन, म्हणजे ड्राफ्टआधीची चाचणी, होते. तिथे बूट काढून उंची, पसरलेल्या हातांचा विस्तार, उभ्याने हात वर करून पोच, उडी आणि पायांची चपळाई मोजतात. कॉलेजच्या माहितीपत्रकातली उंची बहुतेक वेळा बुटांसकट आणि वर थोडी पदरची असते, म्हणून कंबाईनआधीच्या उंचीवर वाद रचू नका. बचावासाठी उंचीपेक्षा हातांचा विस्तार आणि पोच जास्त बोलते. ड्रेमंड ग्रीन सेंटर (बास्केटजवळ खेळणारा, सहसा सर्वांत उंच खेळाडू) म्हणून उभा राहू शकला, त्यामागे डोकं होतंच, पण साडेसहा फुटांच्या शरीराला सात फूट एक इंचाचा विस्तारही होता.

आता आकडे. सामन्यागणिक गुण बाजूला ठेवा. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. शिवाय प्रत्येक मुलाची मैदानावरची मिनिटं वेगळी. म्हणून दर ४० मिनिटांचा हिशोब धरा. नेमबाजीसाठी ट्रू शूटिंग काढा: गुण भागिले (२ × (मैदानी प्रयत्न + ०.४४ × फ्री थ्रोचे प्रयत्न)). १३ प्रयत्न आणि ५ फ्री थ्रोमधून १८ गुण काढले, तर १८ भागिले ३०.४, म्हणजे ०.५९२. हे चांगलं. त्याच १८ गुणांसाठी १८ प्रयत्न आणि ४ फ्री थ्रो लागले, तर ०.४५५. याच्या हातात चेंडू देऊन संघ हरतो. वर्तमानपत्रात दोघांपुढे १८ च छापलेले असतात.

तीन गुणांच्या टक्केवारीवर सर्वांत जास्त भांडणं होतात आणि तीच सर्वांत फसवी. १०० प्रयत्नांत ४० टक्के मारणाऱ्याची खरी क्षमता ३० पासून ५० पर्यंत कुठेही असू शकते. नमुना एवढा लहान की त्याहून नेमकं काही म्हणताच येत नाही. त्यात कॉलेजची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर आणि एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. म्हणून फ्री थ्रोची टक्केवारी शेजारी ठेवा. तिथे अंतर ठरलेलं, बचावपटू नाही, हाताची खरी सवय दिसते. तिघांत, म्हणजे तीन गुणांच्या शॉटमध्ये, २८ टक्के पण फ्री थ्रोत ८२ टक्के असा मुलगा पुढे नेमबाज होण्याची आशा रास्त आहे. ७० प्रयत्नांत ४१ टक्के तिघं आणि फ्री थ्रोत ६१ टक्के असेल, तर त्या ४१ वर विसंबू नका. एकूण किती तिघं मारायची हिंमत करतो, हेही लिहा. जो मारतच नाही त्याला बचावपटू मोकळा सोडतो, मग टक्केवारी काहीही असो.

चोरी आणि ब्लॉक यांचे आकडे नवी मंडळी दुय्यम मानतात. ते मोलाचे आहेत. चेंडू कुठे जाणार हे अर्धा क्षण आधी ओळखणं आणि तिथे शरीर पोचवणं, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात, आणि या गोष्टी वरच्या पातळीवर शिकवून येत नाहीत.

पायरी ४: खेळ बघा, हायलाइट नको

दोन मिनिटांच्या तुकड्यात प्रत्येक जण महान दिसतो. तीन पूर्ण सामने निवडा: एक तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, एक ज्यात त्याचे आकडे वाईट आले तो, आणि एक साधा. एकच बघायला वेळ असेल तर वाईट आकड्यांचा बघा. शॉट पडत नसताना मुलगा बचावात धावतो की खांदे पाडून परततो, ते तिथेच कळतं.

पहिल्यांदा बघताना चेंडूकडे बघूच नका. नजर फक्त त्या मुलावर ठेवा आणि बचावाचे २० प्रसंग मोजा. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना त्याचा एक पाय बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात आहे का? डोकं वळवून तो आपला माणूस आणि चेंडू दोन्ही बघतो का, की एकटक चेंडूच बघत राहतो? नेमबाजावर धावून जाताना शेवटच्या दोन पावलांत पावलं आखूड करतो का? जो आखूड करत नाही तो हवेत उडतो, समोरचा चेंडूचा एक टप्पा मारून शेजारून निघून जातो, आणि आकड्यांच्या तक्त्यात ही चूक कुणाच्याच नावावर पडत नाही.

दुसऱ्यांदा बघताना पिक अँड रोल पकडा. साथीदार बचावपटूच्या वाटेत पडद्यासारखा उभा राहतो आणि हा मुलगा चेंडू घेऊन त्या पडद्याला वळसा घालतो; समोरचा उंच बचावपटू मागे हटून रिंगणाची राखण करतोय. आता त्याच्यापुढे तीन वाटा आहेत: थांबून मधल्या अंतरावरून मारणं, आत धावणाऱ्या साथीदाराला वरून पास, किंवा पलीकडच्या कोपऱ्यात उभ्या नेमबाजाला आडवा पास. पहिली वाट सगळ्यांना दिसते. तिसरी ज्याला दिसते, आणि ज्याचा चेंडू उडी न मारता एका हाताने नेमबाजाच्या छातीजवळ पोचतो, तो गार्ड वेगळा. अशा दहा प्रसंगांत त्याने काय निवडलं ते लिहून काढा. डाव्या हाताने आत शिरतो का तेही लिहा. एकाच हाताचा मुलगा एनबीएत पहिल्या महिन्यातच ओळखला जातो.

पायरी ५: गरज बघायची की गुणवत्ता?

इथे मत ठाम ठेवायला हवं: पहिल्या दहा पिक्समध्ये गुणवत्ता. १९८४ मध्ये पोर्टलंडकडे दुसरं पिक होतं. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, म्हणून त्यांनी सेंटर सॅम बोवी घेतला आणि तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन शिकागोला मिळाला. संघाची गरज दोन वर्षांत बदलते, ट्रेडने भागवता येते. मोठा खेळाडू असा मिळत नाही.

मात्र "गुणवत्ता" म्हणजे १ ते ६० अशी काटेकोर यादी करून बसू नका. सहाव्या आणि सातव्या नावात फरक किती, हे क्रमांकावरून कळत नाही. नावं गटांत लिहा: संघाचं नशीब फिरवून टाकणारे, नियमित सुरुवात करणारे, उपयोगी राखीव, आणि नशीब आजमावण्यासारखे. गट वेगळा असेल तर वरचा घ्या, गट एकच असेल तर गरज बघा. मे अखेरपर्यंत ही यादी पेन्सिलीनेच लिहा, कारण नाव दिलेली कॉलेजची बरीच मुलं तोवर नाव मागे घेऊन परततात. कॉलेजात आता नाव आणि प्रतिमेचे पैसे मिळतात, त्यामुळे परतणारेही वाढले आहेत.

पहिल्या फेरीचा करार चार वर्षांचा: पहिली दोन हमीची, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. तक्त्यातल्या रकमेच्या ८० ते १२० टक्के देता येतात. बहुतेकांना १२० च मिळतात. फ्लॅगचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे १.३८ कोटी डॉलर. त्याच हंगामात सहा वर्षांपर्यंत अनुभव असलेल्या खेळाडूचा कमाल पगार कॅपच्या २५ टक्के, म्हणजे सुमारे ३.८७ कोटी. पहिला करार चालू असताना चांगला निघालेला मुलगा संघाला वर्षाला दोन-अडीच कोटींची मोकळीक देतो, आणि एप्रनच्या काळात तीच विजेतेपदाची किल्ली आहे.

दुसऱ्या फेरीबद्दल अपेक्षा माफक ठेवा. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा गेला, हे उदाहरण प्रत्येक वादात कुणीतरी काढतोच. त्याच्या शेजारी सतनाम सिंगचं नाव ठेवा. पंजाबात वाढलेला हा मुलगा २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. भारतात जन्मून वाढलेला आणि ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू. आपल्याकडच्या बास्केटबॉलसाठी तो दिवस मोठाच होता. पण एनबीएचा एकही नियमित सामना त्याला मिळाला नाही, आणि दुसऱ्या फेरीत योकिचपेक्षा त्याच्यासारख्यांची संख्या कितीतरी जास्त आहे.

पायरी ६: ट्रेड मांडताना पगार जुळवा

"आमचे दोन राखीव द्या, त्यांचा स्टार आणा" ही सूचना नव्वद टक्के वेळा पगारावरच कोसळते. कॅपच्या वर असलेल्या संघांना, घेतलेले आणि दिलेले पगार ठरावीक मर्यादेत जुळवावे लागतात.

पहिल्या एप्रनखाली असाल तर थोडी सैल दोरी मिळते. मधल्या पट्ट्यातल्या पगारासाठी दिलेल्या रकमेत एक ठरलेला आकडा मिळवून तेवढं परत घेता येतं. २०२३ च्या सामूहिक करारात तो आकडा ७५ लाख डॉलर धरला होता, त्यानंतर तो कॅपबरोबर वाढत जातो. म्हणजे २ कोटींचा खेळाडू दिला की २.७५ कोटींपर्यंतचा घेता येतो. छोट्या पगारांना जवळपास दुपटीची सवलत, फार मोठ्यांना १२५ टक्के. पण ही सवलत वापरली की त्या हंगामात पहिला एप्रन तुमच्यासाठी पक्की भिंत होतो, एक डॉलरही वर जाता येत नाही. आधीच पहिल्या एप्रनवर असाल तर २ कोटी दिले की २ कोटीच मिळतात, आणि दुसऱ्यावर असाल तर ते २ कोटी एकाच खेळाडूचे असावे लागतात.

काही सापळे वारंवार चुकवतात. उन्हाळ्यात नव्याने करार केलेला खेळाडू सहसा १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाही. ड्राफ्ट केलेल्या मुलाने अजून सही केली नसेल, तर जुळणीत त्याचा पगार शून्य धरतात. सही केली की ३० दिवस हलवता येत नाही. आणि समोरचा संघ का हो म्हणेल, हे लिहिल्याशिवाय प्रस्ताव मांडूच नये. त्यांचीही वही काढा, त्यांच्या बाजूने तोच प्रस्ताव वाचा. स्वतः नाही म्हणाल असं वाटलं तर प्रस्ताव फाडा.

पायरी ७: पिकची किंमत करा

"दोन फर्स्ट (पहिल्या फेरीची पिक्स) दिले" याला अर्थ नाही. कोणाचे, कुठल्या वर्षाचे, प्रोटेक्शन काय? टॉप-६ प्रोटेक्टेड म्हणजे पिक पहिल्या सहांत आलं तर मूळ संघच ठेवतो. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाचं पिक असंच ओक्लाहोमा सिटीला जायचं होतं. सोडतीत ते तिसरं आलं आणि फिलाडेल्फियाकडेच राहून त्यातून व्हीजे एजकोम मिळाला. स्वॅप म्हणजे दोघांच्या पिक्सपैकी चांगलं निवडायचा हक्क. आपण त्या वर्षी समोरच्यापेक्षा कमकुवत असलो तर स्वॅप कागदावरच राहतो.

पिक्स सात वर्षं पुढचीच देता येतात, आणि लागोपाठ दोन भावी वर्षं पहिल्या फेरीच्या पिकशिवाय राहता येत नाही. या दुसऱ्या नियमाला स्टेपियन नियम म्हणतात. १९८० च्या सुमारास क्लीव्हलंडच्या टेड स्टेपियन नावाच्या मालकाने पिक्स उधळली म्हणून तो आला. स्वॅप या नियमात मोडत नाही. म्हणूनच मोठ्या ट्रेडमध्ये पिक, स्वॅप, पिक, स्वॅप अशी एकाआड एक रांग दिसते.

दूरचं, प्रोटेक्शन नसलेलं पिक सर्वांत महाग, कारण सहा वर्षांनी तो संघ कुठे असेल ते कुणालाच ठाऊक नसतं. २०१३ मध्ये ब्रुकलिनने ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पीअर्स आणले आणि बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ ची पिक्स आणि २०१७ चा स्वॅप दिला. त्या दिवशी ब्रुकलिन बलाढ्य दिसत होता. २०१५-१६ मध्ये ते २१ सामने जिंकले आणि त्या पिकमधून बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला. २०१७ च्या स्वॅपमधून पहिलं पिक आलं, ते देऊन बॉस्टनने तिसरं आणि आणखी एक फर्स्ट घेतलं, आणि तिसऱ्यावर जेसन टेटम. या दोघांनी २०२४ चं विजेतेपद आणलं. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज देऊन ओक्लाहोमा सिटीने शे गिलजस-अलेक्झांडर, पाच फर्स्ट आणि दोन स्वॅप घेतले. त्यातल्या एका पिकवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स बारावा मिळाला, आणि २०२५ मध्ये करंडक.

आता एक ट्रेड जवळून बघा, कारण किंमत करण्याची सगळी कसरत त्यात आहे. २०२५ च्या ड्राफ्टच्या रात्री न्यू ऑर्लिन्सला डेरिक क्वीन हवा होता. त्यांच्याकडे २३ वं पिक होतं, अटलांटाकडे १३ वं. दहा जागा वर जाण्यासाठी न्यू ऑर्लिन्सने २३ वं आणि शिवाय २०२६ चं पहिल्या फेरीचं पिक दिलं: स्वतःचं किंवा मिलवॉकीचं, यांपैकी जे वरचं येईल ते, प्रोटेक्शनविना. न्यू ऑर्लिन्स नुकताच २१ विजय आणि ६१ पराभवांचा हंगाम संपवून आला होता. क्वीन चांगला खेळाडू आहे. प्रश्न त्याचा नाही. २१ सामने जिंकणाऱ्या संघाचं पुढच्याच वर्षीचं पिक लॉटरीत खूप वर येण्याची दाट शक्यता असते, वर एका दुसऱ्या संघाच्या घसरणीचाही फायदा अटलांटाला. निदान टॉप-४ प्रोटेक्शन तरी मागायला हवं होतं. ही किंमत त्या रात्रीच जास्त होती. क्वीन पुढे ऑलस्टार झाला तरी तो सौदा महागच म्हणायचा.

हाच निकष उलट्या बाजूनेही लावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने २५ वर्षांचा लुका डॉनचिच लेकर्सला दिला आणि ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चं एक फर्स्ट घेतलं. तीनच महिन्यांनी लॉटरीत फ्लॅग आल्यावर काही जण तो ट्रेड बरोबर ठरवू लागले. १.८ टक्क्यांचा योग कुठल्याही निर्णयाचा पुरावा होत नाही. निर्णयाच्या दिवशी हातात काय होतं, तेच तपासायचं.

पायरी ८: त्या रात्री आणि त्यानंतर

ड्राफ्ट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. २०२४ पासून दोन फेऱ्या दोन दिवसांत होतात. फेब्रुवारीतली ट्रेडची मुदत तिथे दुपारी तीनला संपते. आपल्याकडे रात्रीचा दीड. मुदतीआधीच्या शेवटच्या वीस मिनिटांत झालेल्या ट्रेडच्या बातम्या नंतरही तासभर येत राहतात, म्हणून दीड वाजून दहा मिनिटांनी "काहीच केलं नाही" असं जाहीर करू नका.

मंचावर मुलाच्या डोक्यावर जी टोपी चढते तो त्याचा संघ असेलच असं नाही. गिलजस-अलेक्झांडरला शार्लटने निवडलं आणि तो क्लिपर्सकडे गेला. डॉनचिचला अटलांटाने निवडलं आणि डॅलसने घेतलं. निवड जाहीर झाल्यावर पंधरा मिनिटं थांबा.

शेवटचं काम वहीचं. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी आपले गट तारखेसह लिहून ठेवा, प्रत्येक नावापुढे एक कारण. त्याच्या शेजारी तीन रिकामे रकाने सोडा. पहिला भरायचा तो मुलाच्या दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीच्या ३१ ऑक्टोबरला, तेव्हा संघ त्याचं तिसरं वर्ष उचलतो की सोडतो ते ठरतं. दुसरा त्यानंतरच्या ३१ ऑक्टोबरला, चौथ्या वर्षासाठी. आणि तिसरा चौथ्या हंगामाआधी, त्याला लांब मुदतीची करारवाढ मिळाली का यासाठी. रोज सराव बघणाऱ्या लोकांनी स्वतःचे पैसे लावून दिलेली ही तीन उत्तरं असतात. तुमच्या कारणाशेजारी ती लिहा.